जल्लादाच्या माडीवर

बोईसरला केमिकल कारखान्यात नोकरी लागली आणि मी नवापूरला ज्यांच्या माडीवर भाड्याने राहायला गेलो, त्यांना अख्खा तालुका शिव्या घालायचा. मी वाढवून सांगत नाही. शिव्या खाणं हाच त्यांचा धंदा होता, आणि तो ते इतका मन लावून करायचे की सुट्टीच्या दिवशीही दोनचार शिव्या कानावर पडल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसावं.

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते बोईसर स्टेशनच्या बाहेर. साताऱ्याहून आलो होतो, बॅग पायाशी ठेवून चहा पीत होतो. एक आडदांड, गुळगुळीत डोक्याचा, डोळ्यांत काजळ घातलेला माणूस रस्ता ओलांडून आला. टपरीच्या पत्र्यावर चिकटवलेलं पोस्टर त्याने टराटरा फाडलं, बोळा केला आणि पायाखाली चिरडला. पोस्टरवर पांढऱ्या कपड्यातला, कुरळ्या केसांचा एक देखणा पैलवान होता. टपरीवाला म्हणाला, "जल्लाद है, जाने दो." शेजारच्या फळवाल्या बाईने त्याच्या सात पिढ्या काढल्या. तो तिच्याकडे बघून गुरगुरला आणि चालता झाला. मी आ वासून बघत राहिलो. आमच्याकडे पैलवान समोरून आला की आपण बाजूला व्हायचं आणि त्याने खाली मान घालून हात जोडायचे, एवढंच मला माहीत. हा कुठला प्रकार, मला कळेना.

तासाभराने नवापूरला पोचलो, एजंटाने दिलेला पत्ता शोधला आणि दार वाजवलं. दार त्याच माणसाने उघडलं. नाकावर चष्मा, कमरेला टॉवेल, एका हातात ओला बोंबील आणि दुसऱ्या हातात कात्री.

"सातारकर ना तुमी? चपला बाहेर काडा. आय ओरडंल."

परत जावं म्हटलं तर बोईसरात दुसरी खोली मिळेना, म्हणून चपला काढल्या. त्या दिवसापासून मी सातारकर झालो आणि ते माझे दादा.

दादा फ्री-स्टाइल कुस्तीच्या एका फिरत्या कंपनीत होते. दोऱ्या लावलेली रिंग, रंगीत दिवे, कानठळ्या बसवणारा बँजो, आणि वापीपासून नाशिकपर्यंतच्या जत्रांची मैदानं. अलीकडे लोक ते सगळं मोबाइलवरही बघतात. कंपनीने पैलवानांना नावं दिलेली. दादा जल्लाद, आणि एडवणचा तो देखणा गडी तुफान. अठरा वर्षं जल्लाद मागून वार करायचा, डोळ्यांत भुकटी फेकायचा, पंचाला ढकलायचा, आणि शेवटी तुफान त्याला उलटा उचलून आपटायचा. मैदान उठून नाचायचं. दोघांचं वैर या पट्ट्यात लहान पोरांनाही पाठ होतं.

घराच्या उंबऱ्याबाहेर दादा कधी हसायचे नाहीत. मी कारखान्यातल्या मित्रांबरोबर बाजारात दिसलो की माझ्याकडे असे बघायचे, की आता चावतात. संध्याकाळी घरी आलो की माडीच्या जिन्याशी उभे. "मगाशी डोळे वटारले, राग मानू नका. शाळेची पोरं बगत होती." भाजीवाले त्यांना मुद्दाम सडका माल द्यायचे. दादा तो निमूट घेऊन यायचे आणि त्यांची आई, जिला मी मावशी म्हणायचो, ती तोंडाचा पट्टा चालू ठेवून त्यातलं चांगलं निवडायची. मावशीचा मासे सुकवायचा आणि विकायचा धंदा होता. घरात तिचं राज्य. एवढ्या मोठ्या धुडाला ती "ए, वाळवणावरून काग हाकल" म्हणाली की धूड उठून कावळे हाकलायला जायचं. लग्न केलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "जल्लादाला पोरगी कोन देल? आनि दिली तर मी तिच्या बापाला काय समजू?"

त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. "जिंकायला काय लागतं? समोरचा पडला की झालं. पडायला अक्कल लागते." हे ते इतक्या गंभीरपणे सांगायचे की मी एकदा म्हटलं, मग मलाही शिकवा. पुढचे चार रविवार माडीवर गाद्या टाकून मी पडत होतो. हनुवटी छातीला, श्वास बाहेर, हाताचा पंजा जमिनीवर. खालून मावशी ओरडायची, छताची माती भातात पडते. चौथ्या रविवारी मी जरा बरा पडलो तर दादांचे डोळे भरून आले. मला हसू आलं. एखाद्याला आपली विद्या कुणीतरी घेतली याचं इतकं वाटू शकतं, हे मला तेव्हा समजलं नाही.

पहिला खरा धक्का बसला तो दुसऱ्या महिन्यात. दुपारच्या वेळी एक माणूस मोटारसायकलवरून यायचा आणि डोक्यावरचं हेल्मेट न काढताच घरात शिरायचा. मी समजायचो, कुरिअरवाला असेल. पण कुरिअरवाला दोन-दोन तास बसतो कशाला? एकदा पाणी मागायला मी खाली उतरलो. खोलीत गाद्या पसरलेल्या, हेल्मेट टीव्हीवर ठेवलेलं, आणि तुफान दादांच्या ताटातला तळलेला बोंबील उचलून खात होता. दोघं कुठल्याशा गोष्टीवर इतके हसत होते की तुफानला ठसका लागला आणि दादा त्याची पाठ चोळत होते.

मला बघताच दादांनी उठून दार लावलं. मग मला समोर बसवून म्हणाले, "आयच्या पायाची शपत घ्या, कुनाला बोलनार नाय."

मी शपथ घेतली आणि लगेच भांडायला लागलो. म्हटलं, "दादा, आमच्याकडे याला नुरा कुस्ती म्हणतात. नुरा खेळणाऱ्याला गावात तोंड दाखवता येत नाही. तुम्ही लोकांना इतकी वर्षं फसवताय?"

तुफान हसला. दादा हसले नाहीत. "निकाल ठरलेला असतो, सातारकर. पडनं ठरलेलं नसतं. हा मला उलटा उचलतो. डोकं खाली, सगळं वजन याच्या हातावर. याचा हात दोन बोटं सरकला तर माजी मान मोडली. कदी सरकला नाय. माज्या आयनंतर मी कुनावर भरवसा ठेवला असंल तर या हातांवर."

कंपनीचा नियम कडक होता. जल्लाद आणि तुफान एका गाडीत बसायचे नाहीत, एका हॉटेलात चहा प्यायचे नाहीत, एकमेकांच्या दारात दिसायचे नाहीत. दिसले तर काम बंद. तुफानचं एडवणला लग्न झालं तेव्हा दादा वरात चालली त्या रस्त्यापासून लांब, सुरूच्या बागेत बसून बँड ऐकत होते. मला हे सांगताना त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. उलट बँडने कुठली कुठली गाणी वाजवली ते ओळीने सांगितलं.

त्या धंद्यातल्या बाकीच्या गोष्टीही ते अशाच सांगायचे, पावसापाण्याच्या सांगाव्यात तशा. एक जण पस्तिशीच्या आत झोपेतच गेला. दंड फुगवायची इंजेक्शनं घ्यायचा. एक जण दुखण्याच्या गोळ्यांशिवाय उभाच राहू शकत नव्हता, त्याने कुणाच्या तरी दुकानात शिरून गोळ्या चोरल्या आणि पकडला गेला. एकाच्या दोन गावांत दोन बायका निघाल्या, आणि कंपनीच्या मालकाने दोघींना पुढच्या खेळाला पहिल्या रांगेत बसवलं. तुफानचे गुडघेही गेले होते. खेळाच्या आधी सुई, नंतर बाटली. रिंगच्या बाहेर मात्र तो तुफानच. लोक त्याच्याबरोबर फोटो काढायला रांग लावायचे, बायका त्याच्या हातात तान्ही बाळं द्यायच्या.

त्याची बायको आमच्या घरी एस.टी.ने उघड उघड यायची, कारण तिला कुणी ओळखत नव्हतं. दोघांचेही कपडे तीच शिवायची. तुफानचा पांढरा आणि जल्लादाचा काळा. बोलायला मोजकी, हात चलाख. दादांची मापं घेताना ती टेप तोंडात धरायची आणि आकडे लिहून घ्यायची नाही, लक्षात ठेवायची. मीही तिला वहिनीच म्हणायचो.

एका दुपारी मी पायरीवर बसून जेवत होतो. वहिनीने दादांच्या खांद्याचं माप घ्यायला हात वर केला आणि तिची बाही मागे सरकली. दंडावर बोटांचे चार वळ होते. मावशीनेही ते पाहिले. मावशी काही लपवाछपवी करणारी बाई नव्हती. तिने तिथल्या तिथे विचारलं.

वहिनी म्हणाली, "मारतो. पयल्यापासून मारतो."

दादा हसले. मला ते हसणं अजून आठवतं. ते वाईट माणसाचं हसू नव्हतं म्हणूनच. त्यांना ते खरंच अशक्य वाटत होतं. "वयनी, घरात डाव करून बगत असंल. पकड चुकली असंल. सुईनं त्याचे हात बधिर होतात."

"चुकून नाय लागलं, दादा."

"त्याचा हात मी वळकतो. मी रोज मान देतो त्याच्या हातात."

संध्याकाळी त्यांनी स्वतः तिला एस.टी.च्या थांब्यापर्यंत सोडलं. म्हणजे ती पुढे आणि हे वीस पावलं मागे, नियमाप्रमाणे. दुसऱ्या दिवशी हेल्मेट आलं तेव्हा दादा तुफानवर रागावले, ते मी माडीवरून ऐकलं. कशासाठी रागावले, तर कामात ढिलाई झाली म्हणून. "पकड सैल करायचा सराव कर. उद्या माजी मान मोडशील." तुफान म्हणाला, "हो, लक्ष राहत नाही हल्ली." मग दोघं जेवले.

आणि मी? मी शिकलेला माणूस, मला ते चार वळ दिसले होते. मी मनात म्हटलं, मोठी माणसं आहेत, त्यांचं ते बघतील. ताट धुतलं आणि वर गेलो.

त्यानंतर वहिनी तीन वर्षं येत राहिली, पण मापं घ्यायला येईनाशी झाली. शिवलेले कपडे मावशीच्या हातात द्यायची आणि परत जायची. तिने पुन्हा काही सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

गेल्या फाल्गुनात एका सकाळी ती दारात उभी राहिली. पदर तोंडावरून घेतलेला, डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लॅस्टर. मावशीने पदर बाजूला केला. जबडा सुजून गाल डोळ्याला टेकला होता. मी कारखान्यात जायला निघालो होतो, तो जिन्यातच थांबलो. दादा न्हाणीतून बाहेर आले.

वहिनी त्यांच्याकडे बघून नीट, सावकाश म्हणाली, "आता बी चुकून म्हना."

दादा जमिनीवर बसले. तुफानने हात कसा मोडला ते तिने दाखवलं, चांगल्या हाताने, हवेत. दादांचा चेहरा मी पाहिला. मार खाल्ल्याचा अभिनय करण्यात त्यांची हयात गेली होती, पण ते तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. ती मावशीबरोबर आत गेल्यावर ते मला म्हणाले, "सातारकर, तो आमचा डाव हाय. त्यात सोडायची जागा असते. तिथं हात आपोआप सुटतो. दारू प्यायला असला तरी सुटतो, सुई घेतली असली तरी सुटतो. त्या जागेच्या पुढं न्यायचा तर मुद्दाम न्यावा लागतो."

आणि मग मोठ्याने नाही, पण रडले.

वहिनी माहेरी गेली नव्हती, कारण तिच्या भावाने तिला याआधी दोनदा परत पाठवलं होतं. भाऊ होडीचा मालक, मानी माणूस, आणि तुफानचा भक्त. त्याच्या घरात दाजींचा पुरुषभर उंचीचा फोटो होता. म्हणून ती मावशीच्या खोलीत राहिली. दादा व्हरांड्यात झोपायला लागले.

चौथ्या दिवशी समोरच्या घरी आलेल्या एडवणच्या कुणा पाहुण्याने तिला ओळखलं आणि तिचा गच्चीवर कपडे वाळत घालतानाचा व्हिडिओ काढला. जल्लादाने तुफानची बायको पळवली, असं त्यावर लिहिलं आणि तो मोबाइलवर सोडून दिला. दुपारपर्यंत तो आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये पोचला होता. तोपर्यंत लोक जल्लादाला मजेने शिव्या द्यायचे. आता घरावर शेण पडलं, मावशीची मासळी बाजारात कुणी घेईना, दाराशी येऊन लोक वहिनीला अशा शब्दांत हाका मारायला लागले की मी ते इथे लिहीत नाही. आणि ती बिचारी आत मोडलेला हात मांडीवर घेऊन बसलेली.

कँटीनमध्ये मला विचारलं, "तू तो वहीं रहता है ना? क्या चल रहा है?" मी हसलो. म्हणालो, "मी माडीवर असतो, मला काय माहीत." सगळं डोळ्यांनी बघितलेला माणूस मी, आणि हसलो. त्याची लाज मला आजही वाटते.

पण खरा हादरा कंपनीच्या मालकाने दिला. तो स्वतः गाडी घेऊन नवापूरला आला, नियम बाजूला ठेवून, आणि खुर्चीत बसताच म्हणाला, "भाई, ऐसी पब्लिसिटी नसीब से मिलती है." त्याने पोस्टर छापायलाही टाकलं होतं. जल्लाद विरुद्ध तुफान, इज्जत की लड़ाई. तुफान जिंकणार आणि बायकोला खांद्यावर घेऊन मैदानातून बाहेर पडणार. वहिनीने पहिल्या रांगेत बसायचं होतं. प्लॅस्टर झाकायला शाल तो देणार होता.

मला वाटलं दादा त्याला उचलून आपटतील. दादांनी हात जोडले. "मालक, मी हरायला कदी नाय म्हनलो का? या खेळात नाय हरनार." मालक उठला, म्हणाला की मग यापुढे कुठल्याच खेळात नको, आणि गेला.

कोळगावला जिल्ह्याच्या मुख्यालयात एक अधिकारी बाई बायकांच्या तक्रारी ऐकून अहवाल करतात. मावशीने वहिनीचा अर्ज तिथे नेऊन दिला. त्यांनी सगळ्यांना एका दिवशी बोलावलं. मावशी मला म्हणाली, "तू कागद वाचायला यांच्यासंगं जा." मी रजा टाकून गेलो. फाटकाशी तुफान आधीच उभा होता, पांढऱ्या शर्टात, आणि कामासाठी आलेली माणसं त्याच्याबरोबर फोटो काढत होती. आम्हाला बघून कुणीतरी शिट्टी मारली. एक म्हातारा थुंकला. वहिनी आमच्यामधून मान खाली न घालता चालत होती.

खोलीत टेबलाच्या एका बाजूला तुफान, त्याच्याशेजारी कंपनीचा मालक, आणि वहिनीचा भाऊ. दुसऱ्या बाजूला वहिनी, दादा आणि मी. बाईंनी वहिनीचं सगळं ऐकून घेतलं आणि तुफानला विचारलं.

तुफान इतका नम्र बोलला की मलाच क्षणभर खरं वाटलं. "मॅडम, आमचा धंदाच असा. घरी सराव करावा लागतो. हिला मी हात धरायला सांगतो. त्या दिवशी माझा हात चुकला. मी हिची माफी मागतो, सगळ्यांसमोर मागतो. आणि हा माणूस," दादांकडे न बघता तो म्हणाला, "माझा वैरी आहे. तालुक्यात कुणालाही विचारा. हा माझ्याविरुद्ध बोलणारच."

भाऊ लगेच म्हणाला, "म्याडम, चूक मान्य केली त्यानं. आमी तिला आता घेऊन जातो, दाजींच्या घरी सोडतो. आमच्या घरान्याची लई शोभा झाली."

बाईंनी वहिनीकडे पाहिलं. तिचा चांगला हात टेबलाची कड घट्ट धरून होता. मला सरळ दिसत होतं, या खोलीतून ती भावाबरोबर गेली तर पुढच्या वेळी ती कुणाच्याच दारात येणार नाही.

दादा उठले. मालक हळूच म्हणाला, "सोच के बोल."

"म्याडम, मी याचा वैरी नाय," दादा म्हणाले. "मी याचा दोस्त हाय. अटरा वर्षं. आमची कुस्ती खोटी असते. कोन जिंकनार ते मालक ठरवतात. हेच मालक."

मालकाने कपाळाला हात लावला. भावाचं तोंड उघडं राहिलं. तो दादांकडे, मग तुफानकडे, मग परत दादांकडे बघत होता. अठरा वर्षं जी गोष्ट दादांनी स्वतःच्या चुलत्यांना सांगितली नव्हती, ती त्यांनी एका अनोळखी बाईसमोर दोन वाक्यांत सांगून टाकली. दादांनी शर्ट काढला आणि वळून पाठ दाखवली. "यानं मला हजार येळा आपटला असंल. बगा. एक वळ नाय. कसा आपटायचा, कुटं सोडायचं, याला जेवडं कळतं तेवडं आमच्या कंपनीत कुनाला कळत नाय. वयनी तीन वर्षांमागं माज्या घरी हेच बोलली, तेवा मी तिला खोटी पाडली. मला वाटलं, मला इतकं जपनारा हात तिला कसा लागंल. ती माजी चूक. लिवून घ्या."

बाई लिहीत होत्या. दादांनी शर्ट अंगात घातला, बटणं लावली आणि पहिल्यांदाच तुफानच्या समोर जाऊन उभे राहिले.

"तुफान, तू म्हनलास, हात चुकला. मंग मालक बसलेत, त्यांनाबी सांग. तुजा हात चुकतो. उद्यापासून कुनी तुज्या हातात मान देऊ नये."

मालकाने तुफानकडे पाहिलं. तो पाहणारच. एकदा हात चुकणारा म्हणून नाव झालं की त्या धंद्यात समोर उभा राहायला माणूस मिळत नाही. एक 'हो' म्हटलं असतं तर तुफान त्या खोलीतून सुटला असता, बायको परत मिळाली असती, फक्त धंदा गेला असता. मला आजही वाटतं, दादांना तो 'हो'च ऐकायचा होता. ते त्याच्या तोंडाकडे असे बघत होते की मला तिथे बसवेना.

तुफानने मान वर केली.

"माझा हात चुकत नाही," तो म्हणाला. "आजवर कधी चुकलेला नाही."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "हे असंच लिहू?"

आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं तेव्हा मालक उठून दाराकडे निघाला होता. तुफान "मॅडम, म्हणजे तसं नाही" असं काहीतरी बोलू लागला. वहिनीचा भाऊ खुर्ची मागे सारून उठला. मला वाटलं तो दादांच्या अंगावर येतोय, म्हणून मीही उठलो. तो टेबलाला वळसा घालून आला आणि बहिणीच्या शेजारी उभा राहिला. तिच्या प्लॅस्टरकडे बघत होता, हात लावायचं धाडस त्याला होत नव्हतं.

बाईंनी अहवाल पूर्ण करून सह्या घेतल्या. पुढे कोर्टाने तुफानला तिच्या जवळपास फिरकायला मनाई केली. दादांना कंपनीने अर्थातच काढलं, आणि बाकीच्या कंपन्यांतही, गुपित फोडणारा म्हणून, त्यांना कुणी उभं केलं नाही. आता ते मावशीची मासळी बाजारात नेतात आणि गिऱ्हाइकांशी हसायचं कसं ते शिकतायत. पण त्या दिवशी हे काहीच ठरलेलं नव्हतं. आम्ही जिना उतरत होतो. भाऊ पुढे, मग वहिनी, मग दादा आणि मी. मी त्यांचा दंड धरला होता. मला वाटलं, वहिनी आता थांबेल, त्यांच्या पाया पडेल, निदान दोन शब्द बोलेल. खालच्या पायरीवर ती खरंच थांबली आणि मागे वळली.

"हे तुमी तेवाच बोलायला पायजे होतं, दादा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "माजा हात साबूत होता तेवा."

दादांनी मान हलवली. मीही हलवली, पण माझ्याकडे ती बघत नव्हती.